एकच विशेषण, पण साभिप्राय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: काही लेखक एका विशेषणात सारे वातावरण उभे करतात, ते कसे साधते, आणि 'विशेषणे काढून टाका' हाच सल्ला सगळीकडे मिळत असताना एखादे विशेषण ठेवायचे की नाही, हे कशावरून ठरवायचे? सोबत प्रश्नकर्त्यांनी आपल्या कथेतील एक वाक्य दिले आहे: 'उदास संध्याकाळी तो एकाकी बाकावर बसून होता.' कथा-कादंबऱ्यांच्या संहितांचे संपादन हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमीच असतो, आणि माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. विशेषण देखणे आहे किंवा नवे आहे म्हणून परिणाम करत नाही. वाक्याला जे साधायचे आहे त्यात त्याचा वाटा असतो, म्हणून ते परिणाम करते. आपल्या काव्यशास्त्राने यासाठी 'साभिप्राय' असा नेमका शब्द वापरला आहे, आणि हा विचार तेथे इतक्या बारकाईने झाला आहे की आरंभ तेथूनच करणे सोयीचे ठरेल.

चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त 'अपुष्ट' नावाचा दोष सांगताना एक लहानसे उदाहरण दिले आहे: 'विलोक्य वितते व्योम्नि विधुं मुञ्च रुषं प्रिये', म्हणजे 'प्रिये, विस्तीर्ण आकाशातला चंद्र पाहा आणि राग सोड.' यातील 'वितत', म्हणजे विस्तीर्ण, हे विशेषण खोटे नाही आणि कानाला वाईटही लागत नाही. उलट 'व' या वर्णाची आवृत्ती साधून ते ओळीला नाद देते. तरीही विश्वनाथ त्याला दोष ठरवतो, कारण राग सोडण्याच्या कामी आकाशाच्या विस्ताराचा काडीचाही उपयोग नाही. चंद्र दिसला की प्रेयसीचा रुसवा मावळेल, हे म्हणणे समजते. पण आकाश अरुंद असते तर ती रुसूनच राहिली असती काय? याच्या उलट टोकाचे उदाहरण अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त सापडते: 'सुधांशुकलितोत्तंसस्तापं हरतु वः शिवः'. मस्तकावर चंद्र धारण करणारा शिव तुमचा ताप हरण करो. शिवाला शेकडो विशेषणे लावता येतात, त्रिशूळ आहे, नाग आहे, भस्म आहे. पण मागणे ताप हरण करण्याचे आहे, म्हणून शीतल चंद्र निवडला. विशेषण काढले तर ओळीतील मागण्यामागचे कारणच निघून जाते. अशा योजनेला 'परिकर' अलंकार म्हणतात.

या परिकराच्या व्याख्येवर एक वाद झाला, आणि तो आपल्या प्रश्नाला थेट भिडतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्याख्या करताना 'विशेषणैः' असे अनेकवचन वापरले. त्याची भूमिका अशी की, अपुष्ट विशेषण हा दोष आहे हे एकदा मान्य केल्यावर विशेषण पुष्ट असणे ही केवळ निर्दोषता झाली, त्यात विशेष शोभा कोणती? शोभा येते ती एकाच विशेष्याभोवती अशी अनेक विशेषणे जमल्यावर. अप्पय्य दीक्षितांनी हे पूर्णपणे मानले नाही. साभिप्राय असेल तर एका विशेषणानेही चमत्कृती निर्माण होते, असे त्यांचे म्हणणे. आजच्या गद्य लेखकाने अप्पय्यांच्या बाजूने उभे राहावे, असे मला वाटते. श्लोक चार चरणांत संपतो आणि श्रोता तो पुन्हा पुन्हा घोळवतो, तेथे चार विशेषणांची रांग पेलते. कादंबरीचा वाचक मात्र पुढे जात असतो, आणि एका नामापुढे तीन विशेषणे आली की त्याच्या मनात त्यांपैकी एकही पूर्ण उमटत नाही. रशियन कथाकार चेखॉव्हने १८९९ मध्ये गॉर्की या लेखकाला लिहिलेल्या पत्रात हेच कारण दिले आहे: 'माणूस गवतावर बसला' हे वाक्य मनाला लगेच समजते, पण त्या माणसाला उंची, छाती, दाढीचा रंग आणि गवताला हिरवेपणा, तुडवलेपण असे सर्व चिकटवले की चित्र एकदम उभे राहत नाही, आणि ललित लेखनाचे चित्र तर क्षणात उभे राहायला हवे. त्याचा आक्षेप विशेषणांच्या गर्दीवर आहे. तो ऐकून सगळीच विशेषणे खरवडून काढणारे लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे गद्य सरकारी पंचनाम्यासारखे होते.

आता एक नमुना जवळून पाहू. बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता बहुतेकांना पाठ असते. तिच्यात विशेषणे मुळीच कमी नाहीत: झरा निळासावळा आहे, गाव चिमुकले आहे, शेतमळ्यांची गर्दी दाट आणि हिरवी आहे, पायवाट पांढरी आणि अडवीतिडवी आहे, कुरणे हिरवी आहेत, डोह काळा आहे. एकेक वेगळे पाहिले तर यांतील जवळजवळ सगळी विशेषणे लहान मुलाच्या तोंडची, रंगाची आणि आकाराची आहेत. चित्रकाराने रंग भरत जावे तशी ती येतात आणि वाचक कोठेही न अडखळता पायवाटेने डोहापर्यंत पोहोचतो. आणि मग सातवी ओळ येते: 'झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर'. इथवरचे प्रत्येक विशेषण डोळ्यांचे होते. 'गोड' हे डोळ्यांचे नाही.

या जागी काय काय बसू शकले असते, ते पाहण्यासारखे आहे. 'गाढ काळिमा' मात्रांत चपखल बसतो. 'दाट काळिमा' बसतो. 'गूढ काळिमा' तर सहज सुचावा असा आहे. पण 'गाढ' आणि 'दाट' काळेपणाला काळेच म्हणतात, म्हणजे विश्वनाथाच्या हिशेबात ती अपुष्ट ठरतील. 'गूढ' त्याहून वाईट, कारण जे वाचकाला वाटायला हवे ते कवी स्वतःच उच्चारून मोकळा होतो. 'गोड'ने मात्र पेच निर्माण होतो. 'काळिमा' हा मराठीत चांगल्या संगतीत वावरणारा शब्द नाही, आपण कुळाला काळिमा फासला जाण्याविषयी बोलतो. आणि आधीची ओळ 'काळ्या डोहाकडे' संपलेली असल्यामुळे वाचकाचे मन थोडे सावध झालेले असते. नेमक्या त्या क्षणी त्या काळोखाला गोड म्हटले जाते, आणि डोहाची भीती वाटावी की ओढ, हे ठरत नाही. शेवटच्या ओळीत औदुंबर त्याच पाण्यात पाय सोडून बसलेला आहे. ही कविता मृत्यूची आहे की निश्चल समाधानाची, यावर समीक्षकांत दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत. दोन्ही वाटा उघड्या ठेवण्याचे काम बरेचसे या दोन अक्षरी विशेषणाने केले आहे. आणखी एक बारकावा जागेचा: 'जळ गोड काळिमा' या क्रमात 'गोड' हा शब्द क्षणभर पाण्याला चिकटतो, कान 'जळ गोड' असे ऐकतो, आणि मग तो काळिम्यावर सरकतो. गद्यात हे क्वचितच जमेल, पण विशेषणाची जागा अर्थात भर घालते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या उदाहरणातून मी जी गोष्ट नवोदितांना आवर्जून दाखवतो ती म्हणजे 'गोड'च्या आधीची शांतता. निळासावळा, हिरवा, पांढरा ही विशेषणे साधी राहिली, त्यांनी वाचकाचे लक्ष मागितले नाही, म्हणून 'गोड'ला जागा मिळाली. झऱ्याला 'अवखळ', गावाला 'निद्रिस्त' आणि पायवाटेला 'बावरलेली' म्हटले असते, तर सातव्या ओळीपर्यंत वाचकाला अशा प्रयोगांची सवय झाली असती आणि 'गोड' त्याच माळेतला आणखी एक मणी ठरला असता.

विशेषण नेहमी विशेषणाच्याच वेषात येते असेही नाही. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषात आलेला शिव पार्वतीला परावृत्त करण्यासाठी म्हणतो, की 'कपालिनः', म्हणजे कवटी बाळगणाऱ्याच्या, समागमाची इच्छा धरल्यामुळे दोघी शोचनीय झाल्या: चंद्राची ती कला आणि तू. छंदाला 'पिनाकिनः' हा शब्दही चालला असता; पण पिनाक धनुष्य धारण करणाऱ्याची इच्छा धरण्यात कीव येण्यासारखे काय आहे? काव्यशास्त्रकार कुंतकाने आणि मम्मटाने या जागेकडे मुद्दाम लक्ष वेधले आहे. कथेत एखाद्या पात्राला नावाने, नात्याने की हुद्द्याने संबोधायचे, हा निर्णय याच जातीचा असतो.

येथे कोणी होमरचे नाव घेऊन आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप योग्य आहे. होमरचा अकिलीस चपळ पायांचा असतो, मग तो धावत असो की तंबूत रुसून बसलेला असो. अमेरिकी अभ्यासक मिल्मन पॅरी याने १९२८ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिले की ही ठरीव विशेषणे प्रसंग पाहून निवडलेली नाहीत. ओळीत उरलेली जागा आणि नामाची विभक्ती पाहून परंपरेने ती तयार ठेवलेली आहेत. म्हणजे साभिप्रायतेचा नियम तेथे लागूच होत नाही. तरीही 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गातली एक जागा पाहावी. ट्रॉयच्या तटावरून हेलन ग्रीक वीर ओळखून दाखवते आहे. आपले दोन भाऊ तिला कोठेच दिसत नाहीत, आणि आपल्या बदनामीमुळे ते पुढे येत नसावेत असा तर्क ती करते. त्यावर कवी सांगतो की त्यांना तर केव्हाच जीवनदायी भूमीने मायदेशातच पोटात घेतले होते. मेलेल्यांना झाकणारी माती जीवनदायी! हे हेतुपुरस्सर आहे की केवळ पृथ्वीचे नेहमीचे विशेषण सवयीने आले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला वाटते, शब्द परंपरेने पुरवला असेल, पण तो पेटवला प्रसंगाने. ऐकणाऱ्याला भाऊ गेल्याचे कळते आणि हेलनला कळत नाही, या फटीत ते झिजलेले विशेषण पुन्हा धारदार होते. लिहिणाऱ्या लेखकाला यातून घेण्यासारखे आहे ते हे की विशेषण दुर्मीळ असण्याची गरज नाही. तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी' या चरणात 'सुंदर' हा भाषेतला सर्वांत वापरलेला शब्द आहे; तो पहिलाच आला आहे आणि त्याच्यापाठोपाठ कटीवरचे हात, गळ्यातली माळ, कासेचे पीतांबर असे केवळ दिसणारे तपशील येतात, म्हणून तो पोकळ वाटत नाही.

आता प्रश्नकर्त्यांचे वाक्य घेऊ. 'उदास संध्याकाळी तो एकाकी बाकावर बसून होता.' माणसाची भावना वस्तूवर ढकलण्याच्या या पद्धतीला विशेषणविपर्यय म्हणतात, आणि ती स्वतः दोषास्पद नाही. अडचण अशी की येथे एकच भावना दोनदा ढकलली आहे. शिवाय 'उदास' आणि 'एकाकी' ही दोन्ही विशेषणे म्हणजे लेखकाने काढलेले निष्कर्ष आहेत. वाचकाला पाहायला काही दिले नाही, काय वाटले पाहिजे एवढेच सांगितले. 'उदास' तर संध्याकाळीला इतक्या वेळा लागले आहे की ते आता वाचले जात नाही, डोळा त्यावरून घसरतो. 'निरव शांतता', 'अथांग सागर', 'बोलके डोळे' या जोड्यांचेही तसेच झाले आहे.

मी हे वाक्य संपादित करायला घेतले असते तर आधी कथा विचारली असती: तो तेथे का बसला आहे? समजा, तो कोणाची वाट पाहतो आहे आणि ती व्यक्ती येणार नाही हे त्यालाही माहीत आहे. मग 'संध्याकाळी तो ओल्या बाकावर बसून होता' हे वाक्य मी सुचवले असते. 'ओल्या' या साध्या विशेषणाने पाऊस येऊन गेला आहे हे कळते, त्यानंतर तेथे कोणी बसलेले नाही हेही कळते, आणि त्याने बाक पुसला नाही किंवा ओल त्याच्या ध्यानातही आली नाही, हे वाचकाच्या मनात आपोआप येते. एकाकीपण तेथेच आहे, फक्त ते वाचकाने शोधले. समजा, कथा वेगळी आहे आणि वर्षांपूर्वीच्या भेटीची जागा पाहायला तो परत आला आहे. मग 'ओला' निरुपयोगी, तेथे 'नव्याने रंगवलेला बाक' चालेल, कारण रंगाखाली जुने काहीतरी झाकले गेले आहे. सुटे विशेषण चांगले किंवा वाईट नसते, म्हणूनच 'परिणामकारक विशेषणांची यादी द्या' अशी विनंती आली की मी ती नाकारतो. आणि एक सावधगिरी: 'ओल्या बाकावर' लिहून झाल्यावर पुढच्या वाक्यात 'नुकताच पाऊस थांबला होता' असे लिहू नये. जे विशेषणाने सुचवले ते वाक्याने सांगितले की विशेषण फुकट जाते. हा मोह फार लेखकांना आवरत नाही.

'नव्याने रंगवलेला' यासारखी धातुसाधित विशेषणे ही मराठीची मोठी सोय आहे, आणि तिचा पुरेसा उपयोग होत नाही. 'जुना', 'मळका', 'केविलवाणा' ही विशेषणे वस्तूची अवस्था सांगतात. धातुसाधित विशेषणात एक घडून गेलेली किंवा न घडलेली क्रिया दडलेली असते, आणि क्रिया आली की तिच्यामागे माणूस येतो. वडील वारल्यानंतर मुलगा त्यांच्या खोलीत जातो असा प्रसंग असेल, तर 'खुंटीवर वडिलांचा जुना, विटका, केविलवाणा कोट होता' या वाक्यापेक्षा 'खुंटीवर वडिलांचा इस्त्री केलेला कोट होता' हे वाक्य मला कितीतरी अधिक अस्वस्थ करते. कोणत्या तरी दिवसाची तयारी झालेली होती. कोणता दिवस, ते लेखकाने सांगितले तरी चालेल, न सांगितले तरी चालेल.

ते विशेषण कोणाचे आहे, हा प्रश्न यानंतर येतो, आणि अनुभवी लेखकही येथे घसरतात. मोजता येणारी विशेषणे, म्हणजे तीन, लाकडी, चौकोनी, ही कोणाचीच नसतात. पण 'स्वस्त' हे नेहमी कोणाचे तरी असते. 'ती खोलीत आली आणि स्वस्त अत्तराचा वास पसरला' या वाक्यात तिच्याविषयी थोडेच कळते, वास घेणाऱ्याविषयी पुष्कळ कळते: त्याला महागडे अत्तर ओळखता येते, आणि ओळखल्याचे त्याला मनातून बरे वाटते. कथा त्याच्या नजरेतून चाललेली असेल तर हे एकच विशेषण त्याच्या स्वभावाचे अर्धे पान वाचवते. पण निवेदक त्रयस्थ असेल आणि त्याने आधी कोणालाही तोलले नसेल, तर तीच तुच्छता लेखकाच्या खाती जमा होते. पात्राच्या नजरेतून लिहिताना त्या पात्राला सुचणार नाही असे विशेषण, कितीही सुंदर असले, तरी मी खोडतो. आठ वर्षांच्या मुलाला खोली 'विषण्ण' दिसत नाही, ती त्याला 'मोठी' दिसते, आणि योग्य जागी 'मोठी' पुरते.

अनपेक्षित विशेषणांविषयी मी थोडा साशंक आहे. त्यांचे उत्तम उदाहरण म्हणून अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याच्या १९४० मधील 'वर्तुळाकार भग्नावशेष' या कथेचे पहिले वाक्य दाखवले जाते: तो माणूस किनाऱ्याला लागला ती रात्र बोर्हेसने 'उनानिमे' म्हटली आहे, म्हणजे ठराव एकमताने मंजूर होतो त्या अर्थाचे 'एकमुखी', आणि त्या स्पॅनिश शब्दाच्या मुळाशी 'एक' आणि 'मन' हे लॅटिन शब्द आहेत. प्रथम वाचताना हे केवळ चमकदार वाटते. पण कथा आहे ती एका माणसाला स्वप्नातून घडवू पाहणाऱ्याची, ज्याला शेवटी उमगते की आपणही कोणाच्या तरी स्वप्नातले आहोत. तेव्हा एकाच मनातली ती रात्र पहिल्या वाक्यातच येऊन गेली होती, हे मागाहून कळते. कथा वेगळी असती तर ते विशेषण निव्वळ डौल ठरले असते. 'जांभळी शांतता', 'खारट दुपार' असले प्रयोग माझ्यासमोर येतात तेव्हा मी त्यांना नाही म्हणत नाही. कथेत पुढे ते कोठे फळाला येतात, एवढे दाखवायला सांगतो. बहुधा दाखवता येत नाही.

वाक्यातील स्थानाविषयी फार लिहीत नाही. 'रिकामे घर' आणि 'घर रिकामे होते' यांत व्याकरण अधिविशेषण आणि विधिविशेषण असा भेद करते. पहिल्यात रिकामेपण गृहीत धरलेले असते, दुसऱ्यात ती बातमी असते. वाचकाने ज्यापाशी थांबावे असे वाटते ते विशेषण विधानात घालावे, नामापुढे चिकटवू नये, एवढे पुरे.

संपूर्ण कादंबरीत एकच विशेषण राखून ठेवण्याचे काम मात्र बहुतेक लेखक करत नाहीत, आणि ते शेवटच्या खर्ड्यावर तासाभरात होण्यासारखे आहे. समजा, पहिल्या प्रकरणात न पाठवलेल्या पत्राचे 'कोरे पाकीट' आले आहे आणि शेवटच्या प्रकरणात ते पुन्हा हाती लागणार आहे. संगणकावर 'कोरा', 'कोरी', 'कोरे', 'कोऱ्या' ही सर्व रूपे शोधावीत, कारण विकारी विशेषण एका रूपात शोधून सापडत नाही. मधल्या दोनशे पानांत एखाद्या अधिकाऱ्याचा 'कोरा चेहरा', कोणाची 'कोरी नजर' आणि पावसापूर्वीचे 'कोरे आभाळ' निघतील. ही तिन्ही बदलावीत, कारण त्या प्रत्येक ठिकाणी वाचक थांबतो आणि पाकिटासाठी साठवायचे ते तेथेच खर्च होते. 'कोऱ्या कापडाचा वास' मात्र तसाच राहू द्यावा. तेथे ते विशेषण केवळ माहिती देते आणि वाचक न थांबता पुढे जातो.